भट्टी बंद असण्याचा दिवस

सहा दिवसांचं एक चक्र असतं आमच्याकडे,
कॅलेंडरात तारखेच्या पायाशी, बारीक अक्षरात.
त्यातला एक तोमोबिकी.
त्या दिवशी जाळलेलं माणूस
जिवलगाला बाही धरून सोबत नेतं, म्हणतात.
त्या दिवशी कुणी मरत नाही असं नाही.
जळत मात्र कुणी नाही.

माझी सुट्टी ती. रविवार मला ठाऊक नाही.
योनागो शहराच्या वरच्या अंगाला, बांबूच्या बनाआड
भट्ट्या आहेत: एक, दोन, तीन, पाच.
चार म्हटलं की आमच्या कानाला मरण ऐकू येतं,
आणि या दारात तरी
मरणाचं नाव काढू नये म्हणतात.

माझं स्वतःचं लग्न बुत्सुमेत्सुला लागलं.
सहातला सगळ्यात वाईट दिवस, हॉल चाळीस टक्के स्वस्त.
सासूबाई फोटोत दुसरीकडेच बघताहेत.
एकतीस वर्षं भांडतोय आम्ही,
दोष दिवसाला द्यावा असं एकही भांडण आठवत नाही.

तर, एका तोमोबिकीला विटा तपासायला गेलो होतो.
फाटकाशी किनुएसान उभी.
स्टेशनमागच्या केस कापायच्या दुकानातली,
दोघींपैकी बुटकी.
उंच होती ती मित्सुयो, परवा रात्री गेली.

म्हणाली, ‘आजच लावा तिला.’
म्हटलं, ‘आज गॅस बंद असतो.’
‘चालू करा.’
‘आज तोमोबिकी आहे, किनुएसान.’
‘कॅलेंडर बघूनच आलेय मी,’ ती म्हणाली
आणि पायरीवर बसली,
पिशवीतून भाताचा गोळा काढून खाऊ लागली.

खाता खाता सांगत होती,
की शाळेत पोहायला तिनंच ओढलं, पाण्याची भीती असून.
कात्री हातात तिनंच दिली.
ओसाकाहून पळून परत आले तेव्हा
गाडीतून उतरवलं तेही बाही धरूनच, शिवण उसवली.
‘बासष्ट वर्षं ओढलं आणि आता
उद्यावर ढकलताय तुम्ही तिला.
उद्या ती ओढणार नाही. नियमानं वागणारी बाई आहे.’

मला काही सुचलं नाही.
मी तिला आत नेलं, दोन नंबरचं दार दाखवलं.
तिनं भिंतीला तळवा लावला.
भिंत कालची कोमट होती.
‘चार कुठेय?’
‘नाही.’
‘मग चौथा आला तर?’
‘पाचात जातो.’
त्यावर ती हसली, इतकी,
की भाताचं शीत हनुवटीवरून खाली पडलं.
मी ते झाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सगळं रीतीनं झालं.
पेटीत तिनं आपल्याच केसांची पांढरी बट ठेवली,
एका बाजूनं तिरकी कापलेली.
‘शेवटचे तिनं कापले होते. चष्मा न लावता.
बघू दे म्हणावं.’

त्यानंतर मी दर दुसऱ्या-तिसऱ्या तोमोबिकीला
केस कापायला तिच्याकडे जायचो. दुकानात दोन खुर्च्या,
एकीवर टॉवेल घालून ठेवलेला.
कानामागून वस्तरा फिरवताना म्हणायची,
‘अजून ओढलं नाही बघा.
उशीर करायची सवय माझी होती, तिची नव्हे.’
अकरा वर्षं म्हणत राहिली.

गेल्या महिन्यात ती गेली.
कॅलेंडर बघायला नको म्हणून मी भिंतीकडे पाठ केली,
पण ऑफिसातल्या पोरानं आपणहून सांगितलं,
‘अंत्यविधी उद्या नको, परवा ठेवलाय.
उद्या आपली सुट्टी.’

सुट्टीला मी धक्क्यावर गळ टाकून बसलो.
काही लागलं नाही. एकदा दोरीला हिसका बसला
आणि मी उगाचच घाईनं
माझ्या बाहीकडे पाहिलं.

परवा, म्हणजे दोन नंबरला, मीच कळ दाबली.
केस मानेवर आलेत.
या गावात कात्री नीट धरणारं
दुसरं कुणी आहे का, विचारायला हवं.