बरण्या

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
जिथं फाउंड्रीची जळकी वाळू रस्त्यावर सांडलेली असते,
तिथं माझं दुकान, दहा बाय बारा.
फळीवर लोणच्याच्या अकरा बरण्या.
लोणचं एकीतही नाही.

एकीत हायड्रॉलिकचं तेल, एकीत ब्रेकचं,
एकीत चुन्याची निवळी घातलेला उसाचा रस
(तिचं झाकण घट्ट, माश्या येतात),
आणि प्रत्येकीत बुडालेली एक काळी रिंग.
शनिवारी काढते, पुसते, व्हर्नियर लावते,
वहीत लिहिते:
कोण फुगली, कोण आक्रसली,
कोण होती तशीच.

नागोजी मेस्त्रींच्या काळात बरण्या नव्हत्या.
हाताला लागली ती रिंग त्यांनी दिली होती,
मच्छ्याच्या एका प्रेसला. काळी होती, मापात होती.
तेल पिऊन ती तिथं फुगली, फाटली,
आणि चढलेला दट्ट्या खाली सरकला.
पोराची दोन बोटं.
मेस्त्री दर अमावस्येला त्याच्या घरी नारळ घेऊन जायचे.
आईनं दार उघडलं तर आत, नाहीतर पायरीवर ठेवून परत.
पहिली बरणी त्यांनी त्या वर्षी आणली.

आज बसलिंगप्पा हुक्केरी आले, घटप्रभेहून,
दूध डेअरीचे बॉयलरवाले.
रुमालाची गाठ सोडली. आत तडकलेली रिंग,
तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या काठासारखी.
"असली द्या की एक डझन. काळी."

काळ्या सगळ्याच असतात, अण्णा.
आत काय वाहतं? किती तापतं?
रिंग बसून असते की दांडा तिच्यातून ये-जा करतो?
रात्री बंद केल्यावर गार होतं का?
"सोयरीक जुळवूलालीस काय गं?"
मी हसत नाही. मग म्हणतात,
वाफ. एकशे वीस, कधी तीस.

म्हणजे ही नायट्रिल होती.
तेलाच्या घरात वर्षानुवर्षं नांदली असती,
वाफेत चार महिन्यांत हाड झाली.
"मग व्हायटॉन द्या. मालक म्हणालेत, महागातलं आण."
साधं व्हायटॉन आच सोसतं, अण्णा, वाफ नाही.
चुलीपुढं बसणं वेगळं
आणि उकळत्या तपेल्यात हात घालून बसणं वेगळं.

ईपीडीएम घ्या. चाळीस रुपयाला एक.

त्यांचा चेहरा उतरतो.
इतकी स्वस्त वस्तू मालकापुढं ठेवायची कशी?
मी टेबलाखालचा कुकर काढते, कान तुटलेला,
ज्यात आजवर भात शिजला नाही.
नऊशे शिट्ट्या, मी मोजल्यात.
आतली रिंग त्यांच्या तळहातावर ठेवते.
ते दाबतात, पिळतात, सोडतात.
ती परत गोल.

मग दुसरी बरणी उघडते.
हीच, हाच साचा, हाच लॉट,
तेलात आठ दिवस:
उडदाच्या वड्यासारखी टम्म.
बसलिंगप्पा बघत राहतात.
नागोजींची गोष्ट मी सांगत नाही.

एवढंच सांगते: बसवताना ग्रीस नको, तेलाचं बोट नको.
एण्णी हच्चब्याड्री, एक थेंबसुद्धा.
"मग आत जाणार कशी?"
साबणाच्या पाण्यानं.
बारा रिंगा पुडीत बांधते, वर साबणाची अर्धी वडी.
तिचे पैसे धरलेले नाहीत.

ते पुडी घ्यायला हात पुढं करतात.
तीस वर्षांचं बॉयलरचं काम, नखांच्या कडेला काळं,
बोटं सांध्यासांध्यात तेलकट.

मी पुडी मागं घेते.
नळ पाठीमागं आहे, अण्णा.
आधी हात धुऊन या.