शिल्लक

सेलूच्या मोंढ्यामागे, खैरुद्दीन मिस्त्रींच्या दुकानात
पाण्यात जळालेल्या मोटारी येतात भरायला.
मी काड्यापेटीएवढा ट्रान्सफॉर्मर घेऊन गेलो.
"एवढ्याशानं कोणती विहीर उपसायलास?"
म्हटलं, आवाज.
ते हसले नाहीत. चष्मा पुसला, दिवा जवळ ओढला.

चव्वेचाळीस गेजची तार.
जोरात श्वास सोडला तरी तुटते,
तुटली की पहिल्यापासून.
आतले चारशे वेढे, बाहेरचे चार हजार,
मोजायला जुन्या रिक्षाच्या मीटरचे आकडे.
तीन हजार सहाशे बाराव्या वेढ्याला
बाहेर कुणीतरी ट्रॅक्टर चालू केला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य.

गाभ्याच्या पट्ट्या जालन्याच्या भंगारातून,
किलोच्या भावानं.
डबा कूलरच्या पत्र्याचा,
तापला की अजून त्याला वाळ्याचा वास येतो.
व्हॉल्व्ह दोन, रशियन, एकमेकांशी न जुळणारे.
हिंगोलीच्या एका रेडिओवाल्यानं फडक्यातून काढून दिले,
दुकान बंद करून त्याला अकरा वर्षं झालेली.
पैसे घेतले नाहीत.
पेटले तर फोन कर, म्हणाला.

पेटले.
बिडीच्या टोकाएवढे, नारिंगी.
मी फोन केला. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

पण हेडफोनात गुणगुण.
पन्नास हर्ट्झ, महावितरणची एकच तान,
न थकणारी.
अर्थच्या सगळ्या तारा एका खिळ्यावर आणल्या,
हीटरच्या तारांची घट्ट वेणी घातली,
ट्रान्सफॉर्मर वीस अंश फिरवला, मग तीस,
मग रागानं पार उलटा.
कमी झाली. गेली नाही.

मिस्त्रींचे कान चाळीस वर्षांच्या मोटारींनी नेलेले.
त्यांनी डब्यावर बोट ठेवलं,
वैद्य नाडी बघतो तसं.
"हाय अजून. हितं.
लाइनच घाण हाय, बाबा. तव्हा डबा काय करील?"

एप्रिल होता. रात्रीचे साडेआठ.
माइक त्यांच्यासमोर, बोट अजून डब्यावर.
काहीतरी बोला, लेव्हल बघायचीय.
काय बोलू?
काहीही.
ते विचार करत बसले,
लॅपटॉपवर गुणगुणीची जाड रेघ सरकत राहिली.

आणि लाइट गेली.

गिरणी थांबली. गल्लीतले कूलर एकेक करून दमले.
लॅपटॉप बॅटरीवर होता.
आणि डब्यात
चार कपॅसिटर अडीचशे व्होल्ट पोटाशी धरून बसलेले,
व्हॉल्व्ह गरम,
चूल विझल्यावर तव्याच्या धगीवर
शेवटची भाकरी भाजते ना, तेवढे.
लाइन नाही म्हणून गुणगुण नाही.
मी हे काही ठरवलं नव्हतं.

त्या सहा-सात सेकंदांत मिस्त्री बोलले,
"गेली बघ. बोटाला कळालं."

आजही लावतो कधी कधी.
आधी बाजेची करकर, मग तोंडातली सुपारी
एका गालातून दुसऱ्यात,
मग आवाज.
खर्जाला थोडा ओलसर,
मागे काहीच नाही, गावच नाही.
"कळालं"मधला ळ मात्र खाली बसत जातो,
कपॅसिटर रिकामे होतात तसा,
आणि चिरतो.

आता वर्षाला तीन डबे करतो.
गुणगुण शेवटी काढली, सहा महिने गेले.
पुण्याचे लोक विचारतात, नॉइज किती?
मी आकडा सांगतो, आकडा चांगला आहे.
पण डबा पाठवायच्या आदल्या रात्री
माइक लावून चालू प्लग एकदा उपटतो
आणि काहीतरी बोलतो,
बहुतेक वेळा दिवसाचा हिशेब.

मागच्या बाजूला सूचना छापून घेतली आहे:
बंद केल्यावर लगेच आत हात घालू नये,
शिल्लक असते.
मानवतच्या छापखान्यानं एक ल खाल्ला.
शंभर स्टिकर होते.
तसेच चिकटवतोय.