लघू, गुरू

बाळगोंडा फोनवर तोंडानंच वाजवून दाखवतो:
टी, टी, टी.
मागं गुळाचा सौदा, हमालांचा गलका.
"ताई, चालू केला की एवढंच म्हणतोय आन् गप्प."

आखूड की लांब, मी विचारते.
"म्हंजे कसं?"
म्हणजे कसं, ते मलाही माणगावे सरांनी
आठवीत बाकावर उभं करून सांगितलेलं.
यमाताराजभान.
वृत्ताच्या प्रश्नाला भोपळाच पडला शेवटपर्यंत.

आता शाहूपुरीत, दोन टेबलांच्या माझ्या दुकानात,
भिंतीवर खडूनं लिहिलंय:
नमन, तिन्ही आखूड. कागद संपला.
भास्कर. हेड तापलंय, चहा पिऊन या.
यमाचा. बोर्ड गेला.
हे सांगताना गिऱ्हाइकापुढं गणाचं नाव घेत नाही.

"कागद बघा."
"कागद हाय की ओ, गठ्ठाच्या गठ्ठा!"
मग गाडी काढली.
मार्केट यार्डात शिरलं की टायरसुद्धा
जरा चिकटत चालतात.

अडतीच्या टेबलावर जुना डॉट मॅट्रिक्स,
दसऱ्याचं कुंकू अजून झाकणावर.
पट्ट्या खोळंबलेल्या,
माल विकून झालेले भिंतीला टेकून बसलेले.
म्हटलं, जरा सौदा थांबवा.
हसले सगळे.
मी कुंकवावरच कान टेकला:

टी. टी. टीऽऽऽ.

शेवटचा लांब होता, बाळगोंडा.
गलक्यात बुडाला तुझ्या.
नमन नव्हे, समरा.
हेडला घर सापडत नाहीये.

चालू झालं की ते आधी डावीकडं जातं,
कोपऱ्यात नखाएवढा सेन्सर असतो, त्याला शिवून येतं.
तेव्हा त्याला कळतं, ओळ कुठून धरायची.
झाकण काढलं.
सेन्सरच्या फटीत गुळाचा खडा
आणि त्याला लागलेल्या लाल मुंग्या,
आपल्या घरी न्यायच्या घाईत.

ब्रश, स्पिरिटचा बोळा, फुंकर.
चारदोन मनगटावर चढल्या, कडकडून चावल्या.
बटण दाबलं.

टी.

एकच लघू. त्याचा गण होत नाही,
भिंतीवर त्याला जागाही दिलेली नाही मी.

पहिली पट्टी करकरत बाहेर आली:
हसन शिकलगार, रवे बेचाळीस.
चार आणि दोनच्या मधोमध
एक मुंगी, दशांशचिन्हासारखी.
"आवं, माझं रवं!" म्हणून शिकलगार उठले.
बाळगोंडानं अंगठ्यानं तिला हलकेच
कागदाबाहेर काढलं.