बोरीकाठचा चौथा टेक

इंग्रजीत मी दोनदा नापास. म्हणून
भामरे सरांच्या दारात चपला काढताना
अजूनही पाय आपोआप जुळतात.
एवढंच सांगायला गेलो होतो की
सर, मी चोरी केली.

तुमचं ते हिरवं कापडी पुस्तक,
रद्दीवाल्याकडे किलोवर आलेलं,
ज्याच्या समासात तुमची पेन्सिल
अजून बारीक खोकते,
त्यातून उचलली गोष्ट. संशयाची.
रुमालाच्या जागी मोबाईल घातला,
सेनापतीच्या जागी ट्रॅक्टरवाला,
समुद्राच्या जागी बोरी, जिला पाणी नव्हतं.
कान भरणारा मित्र मात्र तसाच ठेवला.
तो अमळनेरात तयार मिळतो,
पानटपरीवर, सकाळी नऊपासून.

सर हसले. कवळी वाटीत होती.
म्हणाले, तोही उचलायचाच रे.
घरची गोष्ट त्याच्याकडे फार कमी.
पुढ्यात उभं राहून, टरफलं तुडवत
बघणारे असायचे, एका पैशाचे,
त्यांना कंटाळा आलासा दिसला
की भूत आणायचा.
आणि बायका?
बायका पोरंच व्हायची. आवाज फुटेपर्यंत.

मला रज्जाक आठवला. रज्जाक मन्यार.
आठवडे बाजारात काचेच्या बांगड्यांची गाडी,
तालुक्यातल्या निम्म्या मनगटांची मापं तोंडपाठ.
आमच्या अहिराणी चॅनलवर सासू तोच, सूनही तोच,
एकदा तर एकाच फ्रेममध्ये दोघी भांडल्या.
दाढी दिवसातून दोनदा. पावडर वहिनीची.
त्याचा आवाज कधीच फुटून गेला,
तरी गावोगावच्या बाया म्हणतात,
आमनी सासू अशीच बोलस.

त्या दिवशी तो ट्रॅक्टरवाल्याची बायको.
मरायच्या आधी दोन्ही हातांतल्या बांगड्या
एकेक काढून उशाशी ठेवल्या.
मी म्हटलं, वा रज्जाकभाई, काय सुचलं!
तो म्हणाला, माल आहे भाऊ,
फुटला तर भरून कोण देईल?

पहिला टेक जनरेटरनं खाल्ला.
दुसरा एका म्हशीनं.
तिसऱ्यात मेलेला रज्जाक शिंकला.
चौथ्यात सगळं जमत गेलं,
बाजेवर उन्हाची तिरीप, उशी उचलली गेली,
रज्जाकची मान हळूच कलली
आणि मी कट म्हणायला तोंड उघडणार
तोच बांधापलीकडून
कापूस वेचणारी एक बाई,
ओटी गच्च भरलेली, केसांत बोंडाचा पाला,
सरळ फ्रेममध्ये.

"आरे मुडद्या, उठाड तिले!
तिनी काहीच करेल नई!
मोबाईल त्या भाड्यानी लपाडेल शे,
मी सकायपाईन दखी राहिनू!"

ट्रॅक्टरवाला, म्हणजे आमचा विम्याचा एजंट गुलाबराव,
त्याच्या हातून उशी पडली.
तो खरंच घाबरला. म्हणाला, मावशी, मी नाही.
रज्जाक काही उठेना.
नंतर म्हणाला, मेलो की वाचलो
तेच कळत नव्हतं, मग पडून राहिलो.
तिच्या ओटीतला कापूस
बाजेवर, बांगड्यांवर, सगळीकडे.

मी ते कापलं नाही. कापता आलं नाही.

सरांनी फोन डोळ्यांशी धरून पाहिलं.
मागे नेलं. पुन्हा पाहिलं.
काठी नसलेला हात गुडघ्यावर थरथरत होता.
चौतीस वर्षं शिकवलं हे दृश्य, ते म्हणाले,
वर्गातलं एक पोर कधी बाकावरून उठलं नाही.
मग म्हणाले,
नाव काय रे त्या बाईचं?

मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गेलो. वेचणी
पुढच्या पट्ट्यात सरकली होती.
तिनं मान वर केली नाही,
बोटं बोंडातून चालत राहिली.
"नाव कसाले लागस तुले?
ती उठनी का, ते सांग."