डोळ्याची उंची

पहिल्या जहाजावर पहिलं काम मिळालं
ते दोरी सोडायचं.
ब्रिजच्या टोकावरून, शिशाचा गोळा बांधून,
पाण्याला टेकेपर्यंत.
वर माझी पापणी, खाली बंदराचं तेलकट पाणी,
मधली दोरी मोजायची.

बस्त्यांव मेट म्हणायचा,
आराखड्यातली उंची कागदाच्या जहाजाची.
हे आज खनिज पोटात घेऊन बसलंय,
उद्या रिकामं होऊन उठेल.
दर बंदरात विचार, बाबा, आज किती आहेस?

सोळा मीटर निघाले. म्हणजे सात कला वजा.
उंचावरून पाहणाऱ्याचं क्षितिज खाली सरकतं,
तेवढा खोटा उंचपणा
प्रत्येक ताऱ्याला काढून द्यायचा.

एकतीस वर्षं वजा करत आलो.

आता बेळगुंदी. पत्र्यावर चढलो तर चहूकडं ऊस,
पश्चिमेला वैजनाथचा डोंगर आडवा.
बेळगाव स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर
समुद्रापासूनची उंची आहे, सातशेवर काहीतरी.
सवयीनं वर्गमूळ काढलं. अठ्ठेचाळीस कला.
कशातून वजा करू?

डिसेंबरात नागोजीच्या गुऱ्हाळावर
परात मागितली, तीत थंड काकवी ओतली,
वाऱ्याला पोतं आडवं धरलं,
गुडघे टेकून सेक्स्टंट डोळ्याला लावला.
"काय बघूलास काका, माशी पडली व्हय?"
एक सूर्य वर, एक काकवीत. दोन्ही एकमेकांवर आणले.

चुलाणाला पाचट घालणारा गोकाकचा बसलिंग
हात कपाळावर धरून विचारतो, "एष्टु एत्तर?"
किती उंच.
एकशे एक अंश, म्हटलं, आणि निम्मं करायचं.
"आणि तू?"
मी कुठं उभा आहे, बसलोय की झाडावर,
हे काकवी विचारत नाही, त्याला कसं सांगू.
वजा करायचं काहीच उरलं नव्हतं.
हात मात्र वहीत सात लिहायला निघाला होता.

पंधरा अंश, पन्नास कला उत्तर.
गाव जागेवर निघालं.

नागोजीनं काकवीचे पैसे लावले.
बोटाची चिकट स्क्रूला लागली ती लागलीच;
कोमट पाण्यानं पुसली, लिंबानं पुसली,
अजून त्या आकड्याशी आला की
स्क्रू क्षणभर अडतो,
आणि संध्याकाळी मुंग्या येतात.