काळं म्हणजे भोक

झेरॉक्सवाल्यानं विचारलं, एकच बाजू का दोन्ही?
कन्ना चौक, दुपारचे तीन.
काचेवर मी लेस अंथरली होती,
वर काळा कार्डपेपर,
म्हणजे भोकं भोकांसारखी दिसतील.
दोन्ही, म्हटलं. बाराशे डीपीआय.
तो म्हणाला, लग्नपत्रिका काय?

नाही, पडदा.
रॉटरडॅमच्या एका खिडकीला लागणार
आणि ती खिडकी अजून कुणी बांधलेली नाही.
मला फक्त तिच्यातून येणारं ऊन करायचंय.

आधीचे तीन पडदे परत आले.
पहिला प्लास्टिकचा वाटला त्यांना.
दुसऱ्याची भोकं फार गोल.
तिसऱ्यावर एक अक्षर नाही,
नुसता लाल बाण.

म्हणून दत्त नगरात बालामणीअक्काकडे गेले.
तिच्या टीव्हीवर क्रोशाची लेस असायची,
टीव्ही भंगारात गेला, लेस राहिली.
दिवसभर विड्या वळून बोटं आखडायची,
ती सोडवायला म्हणून रात्री हीच बोटं
पुन्हा दोऱ्यात घालायची.
ने, म्हणाली. पण धुवून आण.
आणि तिकडं कोपऱ्यात एक टाका चुकलाय,
तो बघू नको.

चारशे टक्क्यांवर पहिल्यांदा तोच दिसला.
चार साखळ्यांच्या जागी पाच,
फुलाची एक पाकळी जरा सैल,
दार नीट न लागलेल्या कपाटासारखी.

नान्ना मागं येऊन उभे राहिले,
हातात भाकरी, भाकरीवर शेंगाचटणी.
त्यांनी आयुष्यभर जेकार्डचे पुठ्ठे कापले.
हे काळं काय?
काळं म्हणजे भोक, मी सांगितलं. पांढरं म्हणजे सूत.
आमच्यात उलटं गं, म्हणाले,
भोक असेल तिथंच धागा उठतो.
भोक नसलं की पडून राहतो बिचारा.

मग मी तुकडा तुकड्याला जोडत गेले,
डावी कड उजवीला, वरची खालच्या कडेला,
शिवण दिसेना तोवर.
पडदा भरला.
आणि दर बावीस सेंटिमीटरवर
अक्काची सैल पाकळी,
आडवी, उभी, जिथं बघावं तिथं.
एकदा झाली ती चूक होती.
ही आता नक्षी झाली होती.

नान्ना हसले. चटणी कीबोर्डवर सांडली.
एका पुठ्ठ्यात मी एक भोक विसरलो होतो,
चारशे चादरी निघाल्या,
सगळ्यांवर मोर एका पायावर उभा.
शेठनं आठवड्याचा पगार कापला.
आणि पुढच्या महिन्यात नांदेडचा व्यापारी म्हणतो,
तो लंगडा पाहिजे, तोच पाठवा.

तरी मी पाकळी सगळीकडून पुसली.
एका ठिकाणी ठेवली फक्त,
खाली डावीकडं,
पडदा सारताना हात जिथं जाईल तिथं.
रेंडर रात्रभर चाललं.
शेजारचे माग बंद होते त्या दिवशी,
नुसता पंखा ऐकू येत होता मशीनचा,
आणि अधूनमधून नान्नांचा खोकला.

सकाळी लेस धुतली, गच्चीत तारेवर टाकली.
पलीकडच्या भिंतीवर सावली पडली,
मी बघायला गेले माझं कितपत जमलंय ते.
जाळी चौकोनी, पाकळ्या टोकदार,
पण लांबच्या भिंतीवर उन्हाचे ठिपके
सगळे गोल.
फार गोल.
दुसरा पडदा मी फोल्डरमधून
कधीच उडवला होता.

निरोप आला होता: मंजूर.
खाली एक ओळ,
डाव्या कोपऱ्यात काही राहिलंय का?
अजून उत्तर दिलेलं नाही.

संध्याकाळी घडी करून लेस परत नेली.
अक्कानं नाकाला लावली, साबण कोणता विचारलं,
मग घडी उलगडली, कोपरा अंगठ्याखाली दाबला.
दिसलं नाही ना?

नाही, म्हटलं.
कुठं होतं?