शिडी धरणारी

माझं काम शिडी धरायचं.
वर वाल्देमार, त्याच्या दातांत दोन बोल्ट,
काखेत कडू येर्बाचा थर्मास.
मॉन्टेव्हिडिओत माणूस एक वेळ चष्मा विसरेल,
थर्मास नाही.
जुलै. नदीवरून येणारा वारा हाडं मोजतोय.
पंचेचाळीसची पाटी उतरते, तीसची चढते.
आज बावीस खांब.

महापालिकेत या आकड्यावर घासाघीस झाली,
आठवडी बाजारात भोपळ्यावर होते तशी:
चाळीस घ्या. नाही, पस्तीस.
बरं, शाळेपुरते तीस, तेही दुपारपर्यंत.
टॅक्सीवाल्यांचा माणूस टेबलावर हात आपटून म्हणाला,
शहर काय आजारी आहे, धरून धरून चालायला?
इंजिनीअर बाई, इर्मा बर्नादा, काहीच बोलल्या नाहीत.
सगळ्यांना घेऊन चांभारांच्या गल्लीत आल्या,
डांबरावर खडूने एक रेघ ओढली.
कोणी आडवं आलं, ब्रेक दाबला,
तर तीसने येणारी गाडी इथे थांबते.
आणि पंचेचाळीसने येणारी –
त्या चालत गेल्या,
चालतच गेल्या –
इथे.
दहा मीटर. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

संध्याकाळी पोरांनी त्या दोन रेघांच्या मध्ये
ठिकरीची घरं आखली.
दात पडलेली एक मुलगी, एका पायावर तोल सावरत,
मला म्हणाली,
या मधल्या जागेत कोण उभं असतं?
मी टेप गुंडाळत राहिले.
गुंडाळून झाल्यावरही गुंडाळत राहिले.

खरं सांगायचं तर
त्याच दिवशी सकाळी, उशीर झाला म्हणून,
मी याच गल्लीतून साठने आले होते.
कोणी आडवं आलं नाही.
एवढंच माझं पुण्य.

अकराव्या खांबाशी एक गाडी थांबली, काच खाली आली:
आता हिला बैल जुंपू का?
वाल्देमार बोल्ट न काढता दातांतूनच काही बोलला.
कळलं नाही ते बरं झालं.

पंधराव्या खांबाशी एदेल्मिराबाई, खिडकीतून:
पाटी जरा इकडे वळवता येईल?
ती गाड्यांसाठी असते, बाई.
ठाऊक आहे. मलाही वाचायची आहे.
समोर पाव भाजतात. रोज पहाटे वास येतो, नऊ वर्षं.
मध्ये फक्त सतरा पावलांचा रस्ता.
ती काठी टेकत चार चौक सिग्नलपर्यंत जाते,
पलीकडून चार चौक मागे येते,
मग पुन्हा तेवढंच, घरापर्यंत.
तोवर पाव निवलेला असतो.

नियमाने पाटी रस्त्याला काटकोनात हवी.
बोल्ट आवळण्याआधी वाल्देमारने ती
दोन बोटं तिरकी केली.
मी पाहिलं नाही. माझं काम शिडी धरायचं.

परतताना ट्रक तोच चालवतो. काटा तीसवर.
पाय शिवशिवतोय त्याचा, दिसतंय मला.
मागून हॉर्नवर हॉर्न.
ट्रकच्या हौद्यात उतरवलेल्या पाट्या
एकमेकींवर खडखडतायत;
त्यातली एक तो घरी नेणार,
कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकायला.
वळणावर एक कुत्रा रस्ता ओलांडता ओलांडता
मध्येच बसतो, कान खाजवू लागतो.
वाल्देमार थांबतो.
मागचाही थांबतो, जाईल कुठे?
कुत्र्याला एक कान पुरत नाही.
तो आता दुसरा घेतो.